मधला मुक्काम

"न थांबता?" मुक्ताबाईंनी विचारलं. "येवढंसं इमान, आख्ख्या समुद्रावरनं, तेल न भरता?"

"हो आत्या," शालन म्हणाली. "मुंबईच्या ऑफिसातले साहेब फोनवर म्हणाले, थेट लंडनला उतरले. म्हणून तर आइसलँडहून तार नाही."

"तुज्या भूगोलात बसतं व्हय हे?"

"बसतं की." शालननं मांडीवरच्या बाळाचं टोपडं उगाच नीट केलं.

बसत नव्हतं. नवऱ्याच्या शेठनं अमेरिकेत घेतलेलं ते आठ माणसांचं जेट. एवढा समुद्र त्याला एका दमात झेपत नाही, वाटेत आइसलँडला तेल घ्यावंच लागतं, हे बी.ए. झालेल्या शालननं नकाशावर मोजून पाहिलं होतं. विमान आणायला मेकॅनिक म्हणून गेलेला तिचा नवरा भिमाजी दर मुक्कामावरून घरी तार करणार होता. सोमवारी कॅनडाहून आली. निघतोय म्हणून. आज गुरुवार.

लेक पाण्यावर आहे तोवर अन्नाला शिवणार नाही, असं मुक्ताबाई देवीला बोलल्या होत्या. सासू उपाशी, मग सून कशी जेवणार? तीन दिवस दोघी चहावर होत्या. चार महिन्यांचं बाळ अंगावर ओढून ओढून रडत होतं.

शनिवार-रविवार सोडले तर त्यांच्या तुंगार्लीतले मुंबईकरांचे बंगले बंदच. सकाळी शालन तळ्यापलीकडच्या एकुलत्या उघड्या बंगल्यात फोन करायला गेली. तीन तास बसली. मुंबईची लाइन लागलीच नाही. परत येताना तिनं खोटं जुळवलं. म्हातारी दोन घास तरी खाईल.

"मग सुटला माजा उपास," मुक्ताबाई म्हणाल्या आणि स्वतःच चुलीपुढं बसल्या. भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं.

शालनला हायसं वाटलं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मुक्ताबाई घासागणिक पाणी पीत होत्या. "तू बी घे. आनखी एक घे. दूद काय नकाशातनं येनार?"

शालन हसली. तीन दिवसांनी पोटभर जेवली. दुपार कलता बाळही पोटभर प्यालं आणि तिथंच झोपलं.

मुक्ताबाईंनी ते अलगद उचलून झोळीत ठेवलं. मग चोळीतून घडी केलेला कागद काढून शालनपुढं धरला.

"तू फोनला गेलतीस तवा तारवाला आलता, शेठच्या हापिसाची तार घिऊन. त्यानंच वाचून दावली. लेकराचं पोट भरूस्तोवर थांबले. आता तू वाच."