वळ्यांच्या तिसऱ्या

"ही बघ, गुलगुलीत. तुला पायजे तिच्या अंगावं वळ्या असतान," वेणूबाई चिखलात बसत म्हणाल्या. "दोगी सख्ख्या भैनी, पन हात फिरवला की कलतं."

शर्मिला कसनुसं हसली. सीवूड्सच्या टॉवरांमागच्या या खाडीत तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, दोन्ही जाती जिवंत सापडल्या, तर भराव थांबवायला तिच्या अहवालाचा आधार मिळणार होता. गुळगुळीत तिसऱ्या हव्या तेवढ्या मिळाल्या होत्या. वळ्यांची एकही नव्हती, आणि आज संध्याकाळची ही पाहणीची शेवटची ओहोटी.

वेणूबाईंनाही ती या खाडीत कित्येक वर्षांत दिसली नव्हती. म्हणून तर त्यांनी काल बाजारातून वळ्यांच्या तिसऱ्यांचा वाटा आणून रात्रभर खाऱ्या पाण्यात जिवंत ठेवला होता. पहाटेच्या ओहोटीला मोडक्या होडीपाशी पुरून ये, असं सुनेला, तेजश्रीला, बजावलं होतं. जन्मभर पोसणाऱ्या खाडीसाठी एवढी लबाडी चालायचीच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"जरा होडीकडं बघू," त्या सहज सुचल्यासारखं म्हणाल्या.

शर्मिलाने चिखलात बोटं खुपसली.

"आजी, वळ्या आहेत हिच्यावर," शर्मिला हळूच म्हणाली. मग आणखी एक निघाली, मग एक नखाएवढी. इतकी बारकी वाट्यात कशी आली, याचं वेणूबाईंना नवल वाटलं. विकणारीनं नजर चुकवून घातली असेल.

शर्मिलाचे डोळे भरून आले. "मी तर आशाच सोडली होती."

वेणूबाईंना तिच्याकडे बघवेना. पोर इतके दिवस जीव तोडून राबली, आणि आपण तिला फसवलं. उद्या कुणी हे उकरून काढलं, तर बट्टा तिच्याच नावाला लागणार.

घरी येताच, पायही न धुता, त्या तेजश्रीला म्हणाल्या, "मी त्या पोरीला सगलं सांगून टाकनार हाय. आपल्या खोट्यापायी तिचं वाटोलं नको."

तेजश्री गॅसपाशी मान खाली घालून उभी राहिली.

"आई, रागावू नका. दिवसभर तुमच्यासमोर यायचं धाडस झालं नाय. पहाटेच माझा दादा आला, न्हावा शेव्याची रात्रपाळी करून, उपाशी. घरात कालवनाला दुसरं कायच नव्हतं. मी खाडीवर गेलेच नाय. त्या तिसऱ्या त्याला रांधून घातल्या."