डाव्या गालाचा दस्ता

"सगळी हत्यारं नवी कोरी हायत. मुंबईसनं मागवलीत. ह्यानंच दस्ता करायचा," असं म्हणत गणपतराव इनामदारांनी विलायती पेटी मौलाली सुताराच्या पुढ्यात उघडली.

मौलालीनं पेटीतला रंधा उचलला, उलटासुलटा केला आणि परत ठेवला. "सरकार, रंधा सरळ फळीला. बंदुकीचा दस्ता म्हंजे गालाचं उसं. गालावर रंधा कोन फिरवतंय?" मग करवत परत, पटाशी परत. अख्ख्या पेटीतनं त्यानं एकच चीज बाजूला काढली, गोल पोटाची कानस. बाकीचं काम त्याचा लाकूड तासायचा जुना वाकस आणि फुटक्या काचेचा तुकडा करणार होता. इनामदारांचं तोंड उतरलं. पेटीला पैसे काय कमी पडले नव्हते.

महाराज गादीवर येऊन दहाएक वर्षं झाली होती. शिकारीचा नाद राजवाड्यातून उतरत उतरत कोल्हापुरातल्या इनामदारांपर्यंत पोचला होता, आणि त्यात गणपतरावांचं नाव मोठं. दरसाली ते गगनबावड्याच्या रानात मचाणावर बसायचे. गोळी एक, डुक्कर एक. पाहुण्यांचं मचाण लांब. यांच्या मचाणावर हे, पिराजी शिकारी आणि पडद्याआड बाईसाहेब. "तिचा पायगुण हाय," असं ते चारचौघांत सांगायचे. बायकोला एवढा मान देणारा नवरा पंचक्रोशीत दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

गेल्या खेपेला बंदूक मचाणावरून खाली पडली आणि दस्ता तडकला. आता आठ दिवसांवर शिकार, आणि सांगली-मिरजेचे पाहुणे यायचे होते.

"नेम चुकला तर माझं नाक जाईल," इनामदार म्हणाले, "आणि माझं नाक गेलं तर गंगावेशीत तुझं दुकान ऱ्हाणार न्हाय. ध्यानात ठेव."

मौलालीनं मान हलवली आणि जुना दस्ता मांडीवर घेतला. डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. वापरलेला दस्ता जुन्या वहाणेसारखा असतो, घालणाऱ्याचा पाय त्यात उमटलेला असतो. अंगठा एका जागी थांबला. गाल टेकून टेकून लाकूड तिथं झिजलं होतं. पण उजव्या गालानं नव्हे, डाव्या.

"सरकार, जरा बंदूक धरून दाखवा."

इनामदारांनी ऐटीत उजव्या खांद्याला लावली.

"डाव्या खांद्याला कधी लावता?"

"डावा हात? जेवताना मांडीवरनं हलत न्हाय त्यो. बंदूक काय धरणार?"

आता बोला. म्हणजे डुकरं मारत होतं ते दुसरंच कुणीतरी. दुसरं कोण असणार, पिराजीच, असं मौलालीच्या मनानं घेतलं. संध्याकाळी पिराजी रस्त्यानं दिसला तसा त्यानं त्याला दुकानात ओढला, हातात वाकस दिला आणि म्हणाला, "मार जरा ह्या ओंडक्यावर." पिराजीनं मारला, उजव्या हातानं. बंदुकीचं विचारल्यावर तो गडबडला. "न्हाय बा. माझं काम माग काढायचं. बंदुकीला हात लावला तर सरकार माझा हात तोडतील."

मौलालीला रात्रभर झोप नाही. सकाळी त्यानं सुलतानबीला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "सपाट कानस मारा आन् मोकळं व्हा. दोन्ही बाजू सारख्या. कोन मारतंय त्येच्याशी तुमास्नी काय करायचंय?"

बाई शहाणी होती. सपाट कानशीचा दस्ता दिसायला देखणा, त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यावर गाल ठरला नसता, गोळी आभाळात गेली असती आणि आठव्या दिवशी दुकान गेलं असतं. गोल कानशीनं डाव्या गालाची खोबण केली तर गोळी लागली असती, पण इनामदारांनी बंदूक उचलताक्षणीच दुकान गेलं असतं. इकडं आड, तिकडं विहीर.

मौलाली कधी ही कानस उचलायचा, कधी ती. शेवटी चिडला. "दुकान दोन्हीकडनं जातंय," तो म्हणाला, "मग निदान काम तरी खरं करून जाऊ दे." आणि त्यानं गोल कानस घेऊन डाव्या गालाची खोबण काढली. काचेनं खरवडून लाकूड गुळगुळीत केलं, जवसाचं तेल पाजलं. दस्ता असा झाला की त्याचा त्यालाच सोडवेना.

सातव्या दिवशी जोतिबाला जाऊन येताना इनामदारांची बैलांची दमणी दुकानासमोर थांबली. मागं पडदा सोडलेला, आत बाईसाहेब. गणपतराव खाली उतरले, दस्ता बघून खूश झाले आणि बंदूक उजव्या खांद्याला लावली. गाल बसेना. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, मान वाकडी करून बघितली. मग त्यांच्या लक्षात आलं.

"आंधळा हैस काय मौलाली? ही खोबण कुणाची?"

मौलालीनं खोबणीवर अंगठा ठेवला. "जुन्या दस्त्यानं सांगितली तशी काढली, सरकार."

"दस्ता बोलतोय व्हय?"

"बोलतोय की. आन् खोटं बोलत न्हाय."

इनामदार लालबुंद झाले. शेजारचा तांबट ठोकायचं थांबून बघायला लागला. इनामदारांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दमणीच्या पडद्यातून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला.

"आणा हिकडं."

गणपतराव मागं वळले. मुकाट्यानं गेले आणि बंदूक त्या हातात दिली. नळी पडद्याआड गेली. थोडा वेळ आत नुसत्या बांगड्या वाजल्या.

"झकास बसलाय, मौलालीचाचा," आतून आवाज आला. "निस्ती नाकापाशी अजून जरा कानस मारा, डुक्कर टप्प्यात आलं की नेमकी चमकी टोचती."