जांभळ्या स्वेटरच्या मागोमाग

"दोन द्या," मेट्रनबाई सहलींच्या काउंटरवर म्हणाल्या.

"एकच द्या," मागून त्यांची वहिनी म्हणाली.

जहाज नुकतंच धक्क्याला लागलं होतं आणि काउंटरपुढे ही रांग होती. आतल्या बाईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि एकच स्टिकर पुढे केला. बस नंबर चार. किल्ला, संग्रहालय, चहा आणि परत. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी मेट्रनबाईंना आपली ऑर्डर कुणी मोडलेली खपत नसे. त्यांनी वहिनीला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"काय भरलंय डोक्यात?"

"गावात फिरेन म्हणते. पायी. वाट जाईल तिकडे."

"आणि चुकलीस तर? ह्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपलं आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. साडेचार म्हणजे साडेचार, शिडी उचलली की चालू पडणार. सकाळी स्पीकरवर ओरडून सांगत होते, ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"दादा असता तर तुला असं एकटीला सोडलं असतं?"

"नसतंच सोडलं," वहिनी शांतपणे म्हणाली. "म्हणून तर आज जाते, वन्सं."

वहिनीने जांभळ्या स्वेटरची बटणं लावली, पर्स खांद्याला अडकवली आणि ती तरातरा शिडी उतरून गेलीसुद्धा.

बसमध्ये मेट्रनबाईंना खिडकी मिळाली. गाइडने माणसं मोजली आणि किल्ल्याची भिंत किती रुंद आहे ते सांगायला सुरुवात केली. मेट्रनबाईंचं लक्ष भिंतीत नव्हतं. धक्क्याच्या टोकाशी जांभळा ठिपका लहान लहान होत चालला होता. घरी आता दोघीच होत्या. सकाळी पेपर आधी कुणी वाचायचा ह्यावरून भांडायला तेवढी एकच बाई उरली होती, आणि ती चालली होती अनोळखी गावात, नकाशासुद्धा न घेता. ही मागे राहिली आणि जहाज निघालं तर? त्या उठल्या आणि पोटात कळ आल्याचं सांगून खाली उतरल्या. पेशंटच्या थापा तीस वर्षं ऐकल्या होत्या, त्यामुळे ही थाप अगदी बिनचूक बसली.

पाठलाग हा तर त्यांच्या डाव्या हातचा मळ. वॉर्डातून पावलांचा आवाज न करता फिरण्यात त्यांचा जन्म गेला होता. वहिनी डावीकडे वळली, ह्याही वळल्या. ती चपलांच्या दुकानापुढे थांबली, ह्या झाडाआड झाल्या. मग चढाची गल्ली लागली. तिथे वहिनी दर चार पावलांवर थांबू लागली. घड्याळांचं दुकान एक वेळ ठीक आहे, पण पुढच्या नळ आणि पाइपांच्या दुकानाच्या काचेपुढे ती चांगली पाच मिनिटं उभी. नळात काय बघायचं असतं? मेट्रनबाई पोस्टाच्या पेटीला टेकून गुडघा दाबत मनातल्या मनात चरफडल्या. पण बरंच झालं म्हणायचं. ती थांबली नसती तर त्या चढावर ह्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले असते.

चढ संपला तिथे एक चौक होता. वहिनी कॉफीच्या दुकानाबाहेर, रस्त्याकडे पाठ करून बसली. थोड्या वेळाने वेटरने टेबलावर कप ठेवले. मेट्रनबाईंनी खांबाआडून मोजले. दोन. आता हिने कुणाला बोलावलंय?

वहिनीने शेजारची खुर्ची ओढली आणि मागे न बघताच म्हणाली, "या आता, वन्सं. गार होईल."

मेट्रनबाई निमूटपणे येऊन बसल्या.

"केव्हापासून कळलं होतं?"

"चपलांच्या दुकानापासून. काचेत दिसत होतात."

"राग आला असेल."

"आला की. एकदा वाटलं, पळत सुटावं. मग तो चढ आला." वहिनीने बशी त्यांच्याकडे सरकवली. "गुडघा जास्त दुखतोय का?"

"नाही गं," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना एकदम भरून आलं, आणि अशा वेळी त्या नेहमी करत तेच त्यांनी केलं. आवाज चढवला. "बरं, परत जायचा रस्ता नीट पाहून ठेवलायस ना?"

वहिनीचा कप ओठांपाशीच थांबला.

"मी काचेत तुम्हालाच बघत होते. तुम्ही पाहिला असेल की."

मेट्रनबाईंनी चौकात नजर फिरवली. पाच गल्ल्या खाली उतरत होत्या. पाचही सारख्याच. समुद्र कुठेच दिसत नव्हता.

"मी तुझा स्वेटर बघत होते," त्या म्हणाल्या.

दोघींनी एकदमच मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सव्वातीन. मेट्रनबाई ताडकन उठल्या. वेटरला विचारायला हवं, टॅक्सी बघायला हवी, धक्क्याचं नाव काय होतं? वहिनीने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"विचारू की," ती म्हणाली. "कॉफी तर संपवा. आता हरवलो तरी दोघी हरवू."