बंदीच्या पाण्यातलं जाळं

पलीकडच्या किनाऱ्याच्या म्होरक्याने ओलं जाळं टेबलावर टाकलं आणि खुर्ची ओढून बसला.

“बंदीच्या पाण्यात सापडलं. कुणाचं ते तुम्हीच सांगा.”

अलीकडची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मासे अंडी घालतात त्या दिवसांत मधल्या पाण्यात कुणीच जाळं टाकायचं नाही, असा दोन्ही किनाऱ्यांचा करार होता. एकाने मोडला की दुसरा मोकळा. मग उद्याच सगळ्या होड्या तिथे घुसल्या असत्या. मासे आत्ता कुठे परत येऊ लागले होते.

जाळ्याला एका ठिकाणी सांधलेलं होतं. सांधताना मारायची गाठ घराघराची वेगळी. अलीकडच्या कारभाऱ्याने आपल्या धाकट्या भावाच्या बायकोला पुढे बोलावलं. किनाऱ्यावरची निम्मी जाळी तिच्याच हाताखालून जायची. ती जवळ येताच तो पुटपुटला, “ओळखू येत नाही म्हण.”

तिने गाठीवरून बोट फिरवलं. दाराशी तिचा नवरा मान खाली घालून उभा होता. परवा पहाटे तो ओल्या कपड्यांनी घरी आला, “सहज फेरी मारून आलो” म्हणाला, तेव्हा तिने पुढे काही विचारलं नव्हतं.

“चहा गार होतोय, सूनबाई,” म्होरक्या म्हणाला. “खरं बोलायला वेळ लागणार असेल तर नवा टाकायला सांगू.”

“नको, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “गाठ माझी आहे. जाळं आमच्या घरचं. काय शिक्षा असेल ती आमच्या घराला द्या, पण करार मोडू नका.”

दिरांनी डोळे मिटून घेतले. तिला मात्र एकदम हलकं वाटलं. डोक्यावरची पाटी कुणीतरी हात लावून उतरवावी तसं.

म्होरक्या तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने भला मोठा श्वास सोडला आणि शेजारी बसलेल्या आपल्या जावयाला म्हणाला, “जा, होडीतलं ते दुसरंही घेऊन ये.”

“ते कुणाचं?” दिरांनी विचारलं.

“आमचं,” म्होरक्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. “दोन्ही एकमेकांत गुंतलेली सापडली. तुमचं तेवढं सोडवून घेण्यात आमची अख्खी रात्र गेली.”