तात्यांची तेलगळती

तात्यांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. थोरल्या हेमंतने हात जोडून सांगितलं, "तात्या, आईला सांभाळीन." मग वाटणीवरून भावाशी भांडणार नाही, असंही कबूल केलं. कावळा भिंतीवर ढिम्म बसून राहिला.

शेवटी आई म्हणाली, "अरे, त्यांच्या जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनाच्या हेडमधून तेल गळतंय, त्याचं बोल."

"गॅस्केट बदलतो, तात्या," हेमंत म्हणाला. कावळ्याने तोंड फिरवलं.

तात्यांच्या गाडीचे मिस्त्री दस्तगीरभाई पुढे झाले. "नुसत्या गॅस्केटनं भागणार नाही. हेड वाकलंय. काचेवर पॉलिशपेपर ठेवून सपाट होईपर्यंत घासावं लागेल." कावळा दोन उड्या पुढे आला.

गाडी घाटावरच आणली. हेड उतरवलं, सगळ्या पाहुण्यांनी आळीपाळीने घासलं. भटजींनी उपरणं सावरत नट आवळले. गाडी सुरू झाली. तासभर थेंबही पडला नाही. कावळा खाली उतरला, इंजिनाखाली डोकावला आणि मग पिंडाला शिवला.

आई डोळे पुसत, पदर खोचून मागच्या सीटवर बसली. "चल हेमंत," ती म्हणाली, "ह्यांच्यामागे बसून तेलाच्या डागांनी माझी एकही साडी धड राहिली नव्हती."