फोटोखालची पाटी

संग्रहालयात एका गल्लीतल्या चाळीस रहिवाशांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. आपण कोण, हे ज्याने त्याने एका ओळीत लिहून द्यायचं आणि फोटोखालच्या पाटीवर तेच छापायचं, असं ठरलं होतं. घरमालकाने ‘सर्वांचा आधार’ असं लिहून दिलं. तेही जसंच्या तसं छापलं गेलं आणि भाडेकरूंनी ते मुकाट्याने वाचलं.

कपडे शिवणाऱ्या बाईंनी मात्र ‘टिल्लूची आई’ एवढंच लिहून दिलं होतं. ते काही प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडमना पटेना. बाईची स्वतःची म्हणून काही ओळख असते की नाही? त्यांनी आपणहून चौकशी केली आणि पाटीवर बाईंचं पूर्ण नाव घातलं, खाली ‘स्वतंत्र व्यावसायिक’. उद्घाटनाच्या भाषणात मॅडमनी हे आवर्जून सांगितलं, तेव्हा टाळ्याही चांगल्या पडल्या.

चहापानाच्या वेळी बाई त्यांना गाठून म्हणाल्या, “मॅडम, माझी पाटी तेवढी बदला ना. मी लिहिलं होतं तसंच राहू द्या.”

“अहो, मुलाच्या नावाने किती दिवस ओळखलं जायचं?” मॅडम हसल्या. “आणि आता मोठा झाला असेल की तो. टिल्लू म्हटलेलं चालतं का त्याला?”



 

“सहा वर्षांचा होता, तेव्हाच गेला हो तो. आता लोक मला हाक मारतात, तेवढंच कुणीतरी त्याचं नाव घेतं.”