झेड-ऐंशीच्या वह्या

आचऱ्याच्या पोस्टात फोन आल्याचं कळलं तेव्हा सुगंधा नववीला गणित शिकवता शिकवता तास अर्धवट टाकून धावत आली. ट्रंक कॉल मुंबईचा होता. तिचा धाकटा भाऊ सत्यवान बोटीवर इंजिनात कामाला होता, आणि त्याची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सिंगापूरला सुटणार होती. येताना घरी कॉम्प्युटर आणायचा हे ठरलं होतं. कुठला आणायचा ते ठरत नव्हतं.

“बाय, आयक,” लाइनीत खरखर होती म्हणून सत्यवान ओरडून बोलत होता. “कस्टमात एकच सोडतत. आमचो रेडिओ ऑफिसर सांगता, झेड-ऐंशी चिपचो घेव नको, पासष्ट-शून्य-दोनचो घे. ती जोरात चलता. शाळांनी पण तीच देतत म्हणता.”

सुगंधाला दोन्ही नावं माहीत होती. या दोन कंपन्यांच्या दोन चिपा. कॉम्प्युटरचा सगळा हिशेब आत बसून करणाऱ्या. काम एकच, पण बोली वेगळी. एकीसाठी लिहिलेलं दुसरीला कळत नाही. तीन वर्षांपूर्वी सत्यवानानेच कुठल्याशा बंदरातून झेड-ऐंशीचं एक जाड, जुनं पुस्तक आणून दिलं होतं आणि तेव्हापासून ती त्या चिपची बोली शिकत होती. मशीन नव्हतं. कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात दोरीपलीकडून पाहिलं होतं, तेवढंच. ती प्रोग्राम वहीतच लिहायची. एक दहावीच्या मार्कांचा होता, एक तिथीवरून आचऱ्याच्या खाडीच्या भरतीची वेळ काढायचा. दोनशे पानांच्या चार वह्या भरल्या होत्या.

“आणि माज्यो वयो?” ती म्हणाली. “त्यो झेड-ऐंशीच्यो आसत.”

“वयांसाठी मशीन घेतत काय गो? दुसरी बोली चार म्हयन्यात शिकशीत तू.”

काउंटरमागे पोस्टमास्तर गंगाराम घड्याळाकडे बघत उभे होते.

भावाचं बोलणं ऐकून आपल्याला बरं वाटलं, हे सुगंधाच्या लक्षात आलं आणि ती चमकली. खरंच बरं वाटलं होतं. दुसरी चिप आली तर वह्या ट्रंकेत जातील. कोणी विचारलंच तर सांगता येईल, त्या वेगळ्या मशीनच्या होत्या. त्यांत लिहिलेलं बरोबर होतं की नुसतेच आकडे होते, हे मग कधी कोणाला कळायचं नाही. तिलाही नाही. शाळेत सगळे म्हणत होते, आमच्या बाई कॉम्प्युटर शिकल्या. तेही तसंच म्हणत राहतील.

“बाईनू, तीन मिनिटां होत इली,” गंगाराम म्हणाले.

“बाय, आसस मां?”

“आसंय.” तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “झेड-ऐंशीच आण.”

“अगो, पण रेडिओ ऑफिसर—”

“तेचा बरोबर आसात. तरी झेड-ऐंशीच.”

लाइन तुटली. गंगारामांनी फोन आपल्याकडे ओढून घेतला. सगळं ऐकलेलं असल्यामुळे त्यांना राहवलं नाही.

“दोनांतली बरी खंयची, बाईनू?”

“दुसरी,” सुगंधा म्हणाली आणि तासाला परत गेली.

सत्यवान पाच महिन्यांनी आला. रविवारी सकाळी त्याने मशीन टीव्हीला जोडून दिलं. सुगंधाने भरतीचा प्रोग्राम काढला. सत्यवान वहीतला एकेक आकडा वाचायचा, ती तो मशीनमध्ये घालायची. तीनशेच्या वर आकडे होते. दोन तास गेले. शेवटचा आकडा झाल्यावर तिने हात पदराला पुसले आणि बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. त्यावर काहीच आलं नाही. तिने दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. मशीन हलेना. शेवटी सत्यवानाने ते बंद करून परत चालू केलं. पडदा जागेवर आला, पण दोन तासांत घातलेले सगळे आकडे गेले होते.

“मी सांगी होतंय तुका,” तो हळूच म्हणाला.

सुगंधाने वही मांडीवर घेतली आणि ती पहिल्या पानापासून ओळी मोजायला लागली. सत्यवानाने चहा आणून ठेवला, तो निवला. सहाव्या पानावर तिचं बोट थांबलं. तिथून चिपने सतरा घरं, म्हणजे सतरा आकडे, मागे जायचं होतं. तिने सोळाच मोजली होती. चिप सोळा घरंच मागे गेली होती.

ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरलेले पाहून सत्यवान घाबरला.

“रडतंस कित्या? फुडच्या खेपेक मी दुसरी आणतंय. ह्या कोणाक तरी देव्या.”

“नाय रे. चिप बरी आसा. चूक माजी.” तिने डोळे पुसले. “तीन वर्षां लिवतंय मी, सत्या. आज पयल्यांदा कोणीतरी वाचल्यान.”

तिने तो आकडा खोडला, शेजारी बरोबर आकडा लिहिला आणि वही त्याच्या हातात दिली.

“वाच,” ती म्हणाली. “पयल्यापासून.”